लातूरचा शनिवारचा गोड डबा: 14 महिन्यांचा अनुभव

लातूरच्या जुन्या वस्तीत दोन जावा आपल्या राहत्या घराच्या मागच्या पडवीत गोडाचे पदार्थ करतात आणि आठवड्यातून एकदाच, शनिवारी, ते घरपोच देतात. दुकान नाही, पाटी नाही, मांडून ठेवलेला माल तर नाहीच. बुधवारी रात्री व्हॉट्सॲपवर त्या आठवड्याची यादी येते, तिच्यात दोन किंवा फार तर तीन पदार्थ असतात. गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मागणी कळवावी लागते आणि शनिवारी सकाळी 11 च्या आत स्टीलचा डबा दारात येतो. डब्यासाठी 100 रुपये अनामत एकदाच घेतात आणि रिकामा डबा घासून पुढच्या शनिवारी परत द्यायचा असतो. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण तशी त्यांचीच विनंती आहे. दोघींच्या हातून 40 डब्यांपलीकडे होत नाही आणि तेवढी घरे त्यांच्याकडे केव्हाच भरली आहेत. तरीही लिहावेसे वाटले, कारण अशा घरगुती सेवा आता आपल्याकडे जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसू लागल्या आहेत आणि त्यांतली चांगली कोणती, हे ठरवताना 14 महिन्यांचा हा अनुभव कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

गेल्या वर्षीच्या आषाढात आम्ही पहिला डबा घेतला. घरात सासूबाईंना मधुमेह, मुलांना गोडाशिवाय जेवण पुरे होत नाही आणि मला नोकरीमुळे सणावारापलीकडे काही करणे जमत नाही, अशी आमची अडचण होती. बाजारच्या मिठाईत सगळ्या पदार्थांना एकच चव असते, ती म्हणजे साखरेची, हीही तक्रार होतीच. या डब्याने यातले काय सोडवले आणि काय सोडवले नाही, ते सांगते.

सीताफळाची रबडी हा त्यांचा सर्वांत चांगला पदार्थ आहे आणि तो चांगला का होतो, हे मी त्यांच्या पडवीत बसून पाहिले आहे. फळ येते बालाघाटाच्या डोंगरातून, धारूर आणि अंबाजोगाईच्या बाजूने. तिकडच्या मुरमाड, उथळ जमिनीत हे झाड फारशी निगा न घेता वाढते, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या-पिवळसर दिसू लागल्या, की ते उतरवायचे. मग दोन-तीन दिवसांत ते पिकते, आणि एकदा पिकले की जेमतेम दीड दिवस थांबते. त्यामुळे यादी बुधवारी येत असली तरी सीताफळाच्या दिवसांत ती शुक्रवारी सकाळी बदलू शकते, ही गोष्ट ग्राहकाने धरून चालावी. थोरल्या जाऊबाई पिकलेले फळ दोन बोटांनी उकलून गर पितळी चाळणीवर टाकतात आणि तळव्याने हलके दाबत फिरवत राहतात. गर खाली उतरतो आणि काळ्याभोर, चकचकीत बिया वर उरतात. एका परातीला पाऊण तास लागतो. मिक्सर का वापरत नाही असे विचारले, तेव्हा हात न थांबवता त्या म्हणाल्या, "ताई, मिक्सरात बी फुटतं. अन् एकदा बी फुटलं, की मग किती बी साखर घाला, कडूपणा जात नाही." सीताफळाची बी पोटात जाण्याजोगी नसते, हे दुसरे कारण त्यांनी सांगितले नाही, पण तेही तेवढेच खरे आहे.

दुधाचे काम धाकट्या जाऊबाईंकडे असते. म्हशीचे दूध मंद आचेवर आटवून निम्म्याच्या खाली आणायचे, कडेची साय पुन्हा पुन्हा आत मोडायची, जुजबी साखर घालायची आणि ते पूर्ण थंड होऊ द्यायचे, गर त्यानंतर. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, आणि हीच गोष्ट गेल्या वर्षी कोजागरीच्या आठवड्यात चुकली. आलेली रबडी दिसायला नेहमीसारखीच होती, पण दुसऱ्या चमच्याला जिभेच्या मागच्या बाजूला स्पष्ट कडू लागली. मी कळवले. अर्ध्या तासात धाकट्या जाऊबाईंचा फोन आला: मागण्या जास्त झाल्या होत्या, दूध कोमट असतानाच गर घातला, चूक आमचीच आहे. पुढच्या शनिवारी अर्ध्या लिटरचा डबा पैसे न घेता आला. खाण्याच्या धंद्यात चूक होतेच. ती इतक्या सरळपणे कबूल करणारे मात्र मला फार भेटलेले नाहीत.

अर्ध्या लिटरला 320 रुपये हा दर लातूरच्या मानाने चढा आहे, हे मान्य करते. पण मिठाईच्या दुकानांतून बारा महिने मिळणारी सीताफळाची रबडी गोठवलेल्या गराची असते आणि तिच्यात फळाचे रवाळ, दाणेदारपण उरत नाही. या दोघींचे सीताफळ दिवाळीनंतर दोन आठवड्यांत संपते. मुलांनी पौषात हट्ट धरला, तेव्हा "आता थेट पुढच्या भादव्यात" एवढेच उत्तर आले.

दुसरा मनापासून सांगण्याजोगा पदार्थ म्हणजे येळवशीच्या आठवड्यातली गव्हाची खीर. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर आणि धाराशिवकडे शेतात जाऊन भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आणि ही खीर खाण्याची रीत आहे. ज्यांचे शेत उरलेले नाही, त्यांना निदान खीर तरी घरी मिळावी, म्हणून हा डबा निघतो. खपली गहू ओलवून, उखळात हलक्या हाताने सडून, पाखडून त्याचा कोंडा काढतात आणि मग तो रात्रभर भिजवून शिजवतात. दाणा फुललेला पण अखंड हवा. दाताखाली आला की किंचित ताण देऊन तुटणारा हा दाणा कुकरमध्ये घाईने केलेल्या खिरीत सापडत नाही. गूळ, खसखस, किसलेले सुके खोबरे, बडीशेप आणि वेलदोडा एवढाच मसाला असतो. दूध डब्यात घालत नाहीत, वाढताना वरून घ्या असे सांगतात, कारण गुळाबरोबर गरम दूध फाटण्याची भीती असते आणि दुधाशिवाय खीर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते. सासूबाईंनी अर्धी वाटी खाल्ली आणि उरलेली दुपारसाठी झाकून ठेवायला सांगितली. त्यांच्याकडून गोडाला याहून मोठी पावती मिळत नाही.

आता ज्या बाबतीत माझे या सेवेशी पटत नाही, ते. गेल्या माघापासून यादीत "पौष्टिक लाडू" कायमचा बसला आहे. ज्वारीचे भाजलेले पीठ, खजूर, जवस, तूप आणि गूळ. चवीला वाईट नाही. जवस खमंग भाजलेले असते आणि लाडू टाळ्याला चिकटत नाही. आक्षेप पदार्थाला नसून त्याच्या नावाला आहे. सुरुवातीला डब्यावर "शुगर फ्री" अशी चिठ्ठी असे. मी फोन करून सांगितले की गूळ आणि खजूर असलेल्या पदार्थाला तसे म्हणता येत नाही आणि ती चिठ्ठी वाचून एखादा मधुमेही चार लाडू खाईल. आता "साखर घातलेली नाही" असे लिहितात. ते शब्दशः खरे असले तरी वाचणाऱ्याचा समज तोच होतो. गुळात साखरेपेक्षा थोडी खनिजे जास्त असतात, पण उष्मांकांत दोघांत नाव घेण्याजोगा फरक नाही आणि रक्तातली साखर गुळानेही चढतेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेबद्दल जी मर्यादा सुचवली, ती दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत, आणि शक्यतो 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. त्या हिशोबात गूळही धरायचा असतो. त्यांचा एक लाडू स्वयंपाकघरातल्या काट्यावर 42 ग्रॅम भरला. त्यात गूळ किती, असे विचारल्यावर थोरल्या जाऊबाईंनी लाडवांची संख्या आणि गुळाचे वजन प्रांजळपणे सांगितले. भागाकार 14 ग्रॅमच्या आसपास गेला, आणि खजूर त्याहून वेगळा. दोन लाडू खाल्ले की दिवसाचा कोटा संपला.

ज्वारीबद्दलही तसेच. हे पीठ "परभणी शक्ती" या वाणाचे असल्याचे त्या अभिमानाने सांगतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून 2018 साली प्रसारित झालेल्या या वाणात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे, आणि आपल्या भागातून असा वाण निघाला याचे कौतुक मलाही आहे. पण लोहाचे प्रमाण किलोमागे 45 मिलिग्रॅमच्या आसपास असेल, तर लाडवातल्या 15 ग्रॅम पिठातून एक मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. त्याच पिठाच्या रोज दोन भाकरी खाल्ल्या तर गोष्ट वेगळी. मी तेच केले: लाडू बंद करून त्यांच्याकडून पीठ किलोने घेते. त्यांनी ते आनंदाने दिले, किंचित हिरमुसून का होईना.

बाकीच्या पदार्थांचे थोडक्यात. नागपंचमीच्या आठवड्यातले ज्वारीच्या लाह्यांचे लाडू हलके आणि कुरकुरीत असतात. ते दोन दिवसांत संपवावेत, पावसाळी हवेत लगेच मऊ पडतात. महाशिवरात्रीची कवठाची वडी आंबट-गोड आणि वासाला अस्सल, पण गेल्या वेळी तिच्यात दोरे राहिले होते. भूमच्या बाजूने आणलेल्या खव्याचे पेढे उत्तम. खवाच चांगला असल्यावर करणाऱ्याला बिघडवायला जागा कमी उरते. मोसंबीच्या बर्फीचा प्रयोग फसला, कारण रस आटवला की कडवटपणा वर येतो. जालन्याची मोसंबी सोलून खाण्यासाठीच आहे. मे-जूनमध्ये केसर आंब्याचा रस येतो, त्यात साखर घालत नाहीत आणि घालण्याची गरजही नसते. त्याच दिवसांत एकदा बासुंदी आंबून आली. डबा मोटारसायकलला अडकवून लातूरच्या उन्हात तासभर फिरला, तर दुसरे काय होणार? चैत्र-वैशाखात दुधाचे पदार्थ यादीतून काढावेत असे मी तेव्हाच सुचवले होते. अजून निर्णय झालेला नाही.

स्वच्छतेबाबत तक्रारीला जागा नाही. पडवीला जाळ्या आहेत, पाणी उकळून वापरतात, अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक चिठ्ठीवर असतो आणि पदार्थ केल्याची तारीखही असते. किती दिवसांत संपवावा हे मात्र लिहिलेले नसते. ते विचारावे लागते, आणि फोन नेहमी लागतोच असे नाही.

सासूबाईंसाठी आम्ही आता असे ठरवले आहे की डबा शनिवारी दुपारच्या जेवणातच उघडायचा, भाकरी, वरण आणि पालेभाजीच्या ताटात लहान वाटीने वाढायचा आणि त्या जेवणात भात घ्यायचा नाही. डॉक्टरांना विचारून हे चालवले आहे. सीताफळ स्वतःच बरेच गोड फळ आहे, त्यामुळे रबडीच्या दिवसांत ती वाटी आणखी लहान होते, आणि त्यावरून होणारी कुरकुरही आम्ही गृहीत धरली आहे.

परवा बुधवारच्या यादीत या मोसमातली सीताफळाची रबडी प्रथमच आली, पुढे कंसात "फळ पिकले तर" असे लिहून. मी अर्धा लिटर सांगितली आहे आणि मागचा डबा घासून दाराशी ठेवला आहे.