स्वतःची विहीर की नदीवरचा उपसा? कोल्हापूरच्या शेतकऱ्यासाठी हक्कांची तुलना

पंचगंगेपासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर रान आहे आणि उसाला पाणी आणायचं आहे. खर्चाचा हिशोब सगळेच मांडतात. पाण्यावर हक्क कुणाचा, हे मात्र वीजजोडणीची कागदपत्रं गोळा करताना आठवतं.

विहिरीचं पाणी जमिनीच्या मालकीबरोबर येतं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं आपल्या हद्दीतलं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं भूजल घेण्याचा हक्क मालकाला दिला आहे. पण हक्क उपशाचा. पाणी राहीलच याची हमी नाही. शेजाऱ्यानं बांधालगत बोअर मारली आणि तुमची विहीर आटली, तर दाद मागणं अवघड, कारण तोही स्वतःच्याच हद्दीत उपसतोय. २०१४ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भूजल कायद्यानं नोंदणी आणली आणि शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा, खोल विहिरीला मनाई केली. बोअरच्या गाडीवाला ‘अजून शंभर फूट जाऊ’ म्हणाला तर तिथंच थांबवा. आपल्या कातळात तसंही पाणी भेगांतच असतं; भेग लागली नाही तर खोली वाढवून फक्त बिल वाढतं.

सामाईक विहिरीत हिस्सा घेत असाल, तर खरेदीखतात हिस्सा, पाळी, मोटर बसवायची जागा आणि पाटाची वाट हे सगळं लिहून घ्या. तोंडी पाळी पुढच्या पिढीत भांडणं लावते.

नदीचं पाणी सरकारचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार वाहतं पाणी शासनाच्या मालकीचं, म्हणून पाटबंधारे खात्याचा परवाना लागतो. उन्हाळ्यात धरणसाठा घटला की उपसाबंदी येते आणि परवाना असूनही मोटर बंद ठेवावी लागते. पावसाळ्यात पुराआधी ती काढून वर आणायची, हे वेगळंच. पाईपलाईन दुसऱ्याच्या रानातून जाणार आणि तो अडवत असेल, तर याच संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. कायद्यानं पाईप किमान अर्धा मीटर खोल हवा, पण खोल नांगरटीत तो सापडतो. तीन फूट घाला.

पाणीपुरवठा संस्थेचं सभासदत्व मिळत असेल, तर परवाना, जॅकवेल (नदीकाठची उपसा-विहीर), मोटर ही कटकट संस्थेकडे जाते आणि तुमच्याकडे पाणीपट्टी व पाळी उरते. नदीकाठच्या मळीच्या (गाळाच्या) पट्ट्यात आम्ही हेच सुचवू. पन्हाळा, भुदरगडच्या चढावर नदी लांब, तिथं विहीरच बरी. शिरोळच्या क्षारपड भागात मात्र विहिरीला पैसे घालण्याआधी शेजारच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून क्षार किती आहेत ते पाहा.