टपालातला अल्बम की गॅरेजमधला?

इंडी (मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेर घडणारं) इलेक्ट्रॉनिक पॉप ऐकायला लागायचं असेल, तर मी दोनच अल्बम पुढे ठेवेन: अमेरिकेतल्या 'द पोस्टल सर्व्हिस'चा 'गिव्ह अप' (२००३) आणि लंडनच्या 'द एक्सएक्स'चा 'एक्सएक्स' (२००९). दोन्हींत कॉम्प्युटरवर रचलेले ठेके, दोन्हींत स्त्री-पुरुषांचे आवाज. तरी ऐकताना फरक जमीन-अस्मानाचा.

'गिव्ह अप'साठी जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसमध्ये ठेके आणि सिंथचे (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे) थर रचायचा, टेप टपालाने पाठवायचा. सिअ‍ॅटलमध्ये बेन गिबर्ड त्यावर चाल आणि शब्द बसवायचा. बँडचं नाव यातूनच आलं. (टपाल खात्याने नावाला हरकत घेतली, मग समझोता करून ते वापरू दिलं.) दोघांमधलं अंतर त्यांनी सुरांनी गच्च भरलंय. माझं सर्वांत लाडकं गाणं 'नथिंग बेटर': गिबर्ड परत ये म्हणून विनवतो आणि गायिका जेन वूड त्याला ठामपणे नाही म्हणते. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या कानाला ते पटकन भिडेल.

'एक्सएक्स' बराचसा रात्री, एका छोट्या गॅरेजवजा स्टुडिओत झाला. रोमी मॅडली क्रॉफ्ट आणि ऑलिव्हर सिम लहानपणापासूनचे मित्र. एकमेकांशी कुजबुजावं तसे गातात. गिटार मोजकी, जेमी स्मिथचे ठेके त्याहून मोजके, आणि मधे शांतता. पहिल्यांदा ऐकताना यात काही घडतच नाही असं वाटेल. दिवे मालवून, हेडफोन लावून पुन्हा ऐका.

वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला दिला जाणारा ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार २०१० मध्ये याच अल्बमला मिळाला. पुढे रिहानाने यातलं 'इंट्रो' आपल्या गाण्यात वापरलं, ड्रेकचं 'टेक केअर' जेमीच्या हातून घडलं. म्हणजे ही शांतता थेट मोठ्या बाजारात पोचली. 'गिव्ह अप'चा ठसा मला घरबसल्या एकट्याने गाणी करणाऱ्यांवर जास्त दिसतो. आउल सिटीचं २००९ चं 'फायरफ्लाइज' ऐका, गिबर्डची आठवण होतेच.

शब्दांकडे कान असेल तर 'गिव्ह अप'ने सुरुवात करा. मीही तोच आधी देते. आवाजाच्या पोताचं वेड असेल तर 'एक्सएक्स'. त्यांचे पुढे 'कोएग्झिस्ट' आणि 'आय सी यू' आहेत. पोस्टल सर्व्हिसचा मात्र दुसरा अल्बम नाही. फार चुटपुट लागली तर टॅम्बोरेलोने 'डिन्टेल' या नावाने २००१ मध्ये काढलेला अल्बम शोधा. त्यात गिबर्डने गायलेलं एक गाणं आहे, ही जोडी तिथेच जमली.