सपाट पायांसाठीचा स्टॅबिलिटी बूट: 7 महिने, 560 किमी आणि चिकटवलेला सुकतळा

स्टॅबिलिटी म्हणजे पाय आत कलू नये म्हणून आधार देणारा धावण्याचा बूट. टाचेखालची जाडी चवड्याखालच्यापेक्षा 10 मिमी जास्त, आतल्या बाजूला आधारासाठी कडक फोमचा करडा ठोकळा, किंमत 6,400 रुपये. वापर बहुतेक सोलापुरात होटगी रोडच्या डांबरावर, पहाटे.

तक्रार एकच, पण मोठी. सुकतळा निघत नाही, खाली डिंकानं पक्का चिकटवलाय. सोलापूरच्या उन्हाळ्यात 8 किमीनंतर बूट आतून ओला होतो. उन्हात ठेवावा तर फोम आणि डिंक दोन्ही खराब होतात. सुकतळा काढून आत वर्तमानपत्र कोंबणं हाच खरा उपाय, आणि तोच इथे करता येत नाही. चौथ्या महिन्यात कमानीखालची कड सुटली, दुमडली आणि नेमका तिथेच फोड येऊ लागला. दुकानदाराचं उत्तर : ‘वापरानं झालंय.’ 6,400 घेऊन हे ऐकवणं मला मान्य नाही.

दुरुस्ती घरी होते. हेअर ड्रायर मंद ठेवून टाचेकडून सुकतळा हळूहळू सोडवा, जुना डिंक खरवडा, तोच सुकतळा साचा धरून 4 मिमीचा सपाट सुकतळा कापून बसवा. खर्च 350. कमानीचा उंचवटा असलेला घेऊ नका. ठोकळा आधीच आतून आधार देतो, त्यावर उंचवटा आला की भार बाहेरच्या कडेवर जातो आणि घोटा दुखतो.

आता मत बदललंय ते सांगतो. खरेदीवेळी भरवसा ओल्या पावलावर होता. शहाबादी फरशीवर ठसा उमटवला, कमानीची जागा पूर्ण भरलेली दिसली, म्हणून सपाट पाय, म्हणून स्टॅबिलिटी. हे अपुरं आहे. चवड्यांवर उभं राहून मागून कुणाला तरी बघायला सांगा. कमान वर आली तर पाय लवचिक आहे, आणि अशा पायाला साधा न्यूट्रल, म्हणजे असा ठोकळा नसलेला बूटही चालू शकतो. कमान उठतच नसेल आणि दुखत असेल तर आधी डॉक्टर. अमेरिकी सैन्यदलांच्या नव्या भरतीवर 2009-10 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतही तळव्याच्या आकारावरून बूट दिल्यानं दुखापती फारशा कमी झाल्या नव्हत्या.

जास्त फरक पडतो रुंदीनं. सपाट पाय भार आल्यावर पसरतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दुकानात जा, सुकतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवून त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहा. करंगळीची बाजू बाहेर सांडली तर बूट अरुंद. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चिकटवलेल्या सुकतळ्यामुळे ही परीक्षा दुकानात घेताच येत नाही, माझा सगळा राग त्यासाठी आहे.

बाकी बूट चांगला आहे, हेही खरं. वरची जाळी शाबूत, टाचेची पकड घट्ट. टाचेचा बाहेरचा मागचा कोपरा झिजलाय, पण तो बहुतेकांचा तिथेच झिजतो, त्यावरून पायाचा प्रकार ठरवू नका. त्यापेक्षा बूट सपाट ओट्यावर ठेवून मागून पाहा. उजवा आता किंचित आत कलतो, म्हणजे ठोकळा दबायला लागलाय. 600 किमीला धावण्यातून काढणार, नंतर बाजारहाटाला वापरणार. पुढचा जोड रुंद मापाचा, न्यूट्रल, आणि सुकतळा हातात येत असेल तरच.