गुहेसाठी घरी बनवलेला एलईडी हेडलॅम्प : सात-आठ महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या सुट्टीत बनवलेला हा हेडलॅम्प हिवाळाभर मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांत वापरला आणि परत आल्यावर किल्ल्यांवरच्या टाक्या-भुयारांतही नेला. आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. तयार दिव्यांच्या खोक्यावर ल्युमेनचे, म्हणजे एकूण उजेडाचे, मोठमोठे आकडे असतात, पण गुहेत त्या आकड्याची गरज क्वचितच पडते. जैंतिया टेकड्यांतल्या क्रेम लियात प्राह या गुहेची मोजलेली लांबी ३० किलोमीटरच्या वर आहे. अशा ठिकाणी आत गेलं की दहा-बारा तास सहज जातात, आणि तेवढा वेळ मंद, पसरट, एकसारखा उजेड मिळाला पाहिजे. दिवा त्याच हिशेबाने केला.

रचना साधी आहे. निचिया कंपनीचे तीन एलईडी, ४००० केल्विनचे (म्हणजे फार निळसर नाही, फार पिवळाही नाही असा पांढरा उजेड) आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वरचे, २० मिलिमीटरच्या तांब्याच्या पाटीवर. तिघांवर मिळून एकच पसरट भिंग. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी लेथवर कातून घेतली. वायर, स्विच वगैरे पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळाले, एलईडी आणि भिंग ऑनलाइन मागवले. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरावीक प्रवाह पुरवणारं सर्किट, एएमसी ७१३५ चिपांचा आहे. प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअर देते, आठ मिळून २.८ अँपिअर. हेल्मेटच्या मागच्या डबीत ३५०० मिलिअँपिअर-तासांचे दोन १८६५० सेल (बोटाएवढे लिथियम-आयन सेल) समांतर जोडलेत. म्हणजे पूर्ण उजेडावर अडीच तास आणि एकाच चिपवर वीस तास. मी जवळजवळ सगळा वेळ एकाच चिपवर असते. पूर्ण उजेड लागतो तो एखाद्या दालनाचं छत किंवा विहिरीसारख्या उभ्या भागाचा तळ पाहायला, तोही दोन-चार मिनिटं. घरात पंखा बंद ठेवून पूर्ण उजेडावर चाचणी घेतली तेव्हा बॉडीला हात लावता येईना, त्यामुळे तो बराच वेळ चालू ठेवायचाच नाही हे ठरून गेलं.

उजेड कमी करण्याच्या पद्धतीबद्दल मात्र आग्रहाने सांगते. बरेच ड्रायव्हर एलईडी खूप वेगाने चालू-बंद करून तो मंद करतात. घरात काही जाणवत नाही. गुहेत छतावरून पाणी गळत असेल तिथे पाहा: पडणारा थेंब सलग रेषेसारखा दिसायला हवा, तो तुटक मण्यांच्या माळेसारखा दिसतो. वाहत्या पाण्यातून, निसरड्या दगडांवरून चालताना डोळे लवकर थकतात. म्हणून मी मायक्रोकंट्रोलर घातलाच नाही. एक चिप कायम चालू आणि बाकी सात चिपांच्या व्हीडीडी पिना (चिपला वीज देणाऱ्या) टॉगल स्विचवर. बस्स. या रचनेचा आणखी एक फायदा म्हणजे सेल उतरत आला की उजेड हळूहळू मावळतो, एकदम अंधार होत नाही. सेल बदलायला निवांत जागा शोधण्याइतका वेळ मिळतो.

रंगांसाठी सीआरआय ९० चा आग्रह धरला त्याचं मला खूप समाधान आहे. सोहऱ्याजवळच्या (चेरापुंजीजवळच्या) मौम्लुह गुहेतल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या अभ्यासावरून सुमारे ४२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूवैज्ञानिक कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळालं. तिथल्या भिंतींवरच्या मधाळ, तपकिरी, दुधी छटा निळसर पांढऱ्या उजेडात सगळ्या राखाडी होतात. माझ्या दिव्यात त्या वेगवेगळ्या दिसल्या. ओला गाळ आणि ओला दगड यांतला फरकही पटकन कळतो, आणि पाऊल टाकताना तो कळलेला बरा.

अडचणी आल्या. सगळ्यात त्रासदायक होती पाण्याची. बादलीत रात्रभर बुडवून ठेवला तेव्हा दिवा कोरडा राहिला, पण मेघालयात भिंगाच्या आत दव दिसायला लागलं. वायर बॉडीत शिरते तिथलं रबर पक्कं होतं. पाणी येत होतं वायरच्याच आतून, आवरणाखालच्या बारीक तारांमधल्या फटींतून केशाकर्षणाने. उपाय असा: तोंडाशी थोडं आवरण सोलायचं, उघड्या तारांवर डाग देऊन (सोल्डर करून) त्या घट्ट करायच्या आणि तो भाग इपॉक्सीत बुडवायचा. त्यानंतर दव दिसलेलं नाही. आणि व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन अजिबात वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. वाळताना आम्ल न सोडणारा, न्यूट्रल क्युअर प्रकारचा घ्या.

टॉगलच्या रबरी टोपीभोवती गाळ वाळून बसतो, त्यामुळे दर वेळी बाहेर आल्यावर ब्रशने धुवावं लागतं. अरुंद जागेत सरपटताना आपल्याच श्वासाची वाफ कपाळावरच्या उजेडात पांढरी होऊन समोरचं काही दिसत नाही. तेव्हा दिवा क्लिपमधून काढून हातात खाली धरते. वटवाघळं लटकलेली असतील तिथे पूर्ण उजेड कधीही लावू नका.

दिवा कितीही भरवशाचा वाटला तरी प्रत्येकाकडे उजेडाची तीन स्वतंत्र साधनं हवीत, हा गुहेत जाणाऱ्यांचा नियम मी मोडत नाही. दोन छोटे तयार हेडलॅम्प सोबत असतातच. मुंबई-गुवाहाटी विमानात सुटे सेल केबिनच्या बॅगेतच न्यावे लागतात, प्रत्येकाची टोकं झाकून.

येत्या हिवाळ्याआधी चार सेलांची डबी करायची आहे. शंभरेक ग्रॅम वजन वाढेल, पण ते मागे असल्याने हेल्मेट पुढे झुकणार नाही, आणि एका चिपवर चाळीस तास मिळतील.