पत्र्याच्या घराला पांढरा रंग की खालून सीलिंग?

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो, तेव्हा पत्र्याखालचा पंखाही गरम वाराच फेकतो.

खर्चात रंग स्वस्त. पण चुना नको. पत्र्यावर तो धरत नाही, पावसात पोपडे निघतात. तारेच्या ब्रशनं गंज खरवडा, रेड ऑक्साइड प्रायमर द्या, मग बाहेरच्या वापराचा पांढरा रंग दोन हात. ऊन वरच्या वर परततं, पत्राच कमी तापतो. मात्र धुळीनं मळला की गुण उतरतो, म्हणून फेब्रुवारीअखेर धुऊन घ्यायचा.

सीलिंग महाग, पण जास्त टिकतं. पावसाचा ताशाही कमी होतो. लोक चुकतात ते हवा कोंडून. पत्रा आणि सीलिंगमध्ये वीतभर पोकळी हवी. खाली वळचणीला आणि वर आढ्याजवळ जाळीचे झरोके सोडा, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. जाळी बारीक घ्या, नाहीतर उंदरांचा संसार. थर्मोकोलचं सीलिंग पेटतं, चुलीच्या खोलीत नकोच.

भाड्याचं घर किंवा ८ फुटांची बुटकी भिंत असेल तर रंग. स्वतःचं घर, भिंत १० फुटांची, तर झरोक्यांसह सीलिंग. पैसे उरले तर वरून रंगही.