ए-वन की कोरी पाटी?

आपल्याकडे ‘ए-वन’ म्हणजे अव्वल. अमेरिकेच्या एनआयएचमध्ये, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेत, ए-वन म्हणजे एकदा आपटून पुन्हा दारात उभा राहिलेला अर्ज. पहिल्यांदा देतो तो ए-झीरो. आर-०१, म्हणजे तिथली संशोधनाची नेहमीची मोठी ग्रँट, हुकली की इकडच्या नव्या मराठी प्राध्यापकांचा ठरलेला प्रश्न: आहे तोच अर्ज दुरुस्त करून ए-वन द्यायचा, की नवा म्हणून टाकायचा?

पूर्वी हा पेच नव्हता. २००९मध्ये दुसरी दुरुस्ती, म्हणजे ए-टू, बंद झाली. मग ए-वन पडला की विषयच बदलावा लागायचा. एप्रिल २०१४पासून तीच कल्पना नवा अर्ज म्हणून पुन्हा देता येते, आणि त्यासाठी ए-वन आधी द्यायलाच हवा असंही नाही.

ए-वनमध्ये एक जादा पान मिळतं, इंट्रोडक्शनचं. परीक्षकांच्या शेऱ्यांना तिथे उत्तर द्यायचं. जुने शेरे त्यांच्यासमोर असतातच, त्यामुळे वाचणारा आधी बघतो की सांगितलेलं केलंय का. नव्या अर्जात हे पान नाही आणि मागच्या शेऱ्यांचा उल्लेखही चालत नाही. पाटी कोरी. पण तोच स्टडी सेक्शन, म्हणजे अर्ज तपासणारी समिती, आणि तेच परीक्षक आले, तर माणसांची स्मरणशक्ती कोण पुसणार?

माझ्या इंट्रोडक्शनचा पहिला खर्डा असा होता: “परीक्षकांनी सातवं पान नीट वाचलेलं दिसत नाही.” शेजारच्या लॅबमधल्या ज्येष्ठ बाईंनी लाल पेनाने अख्खा परिच्छेद उडवला. शेवटी गेलं ते असं: “नर आणि मादी उंदरांचे आकडे आता वेगवेगळे दिले आहेत, आकृती ३ पाहा.” पहिलं वाक्य खरंच होतं, अजूनही वाटतं. उपयोगाचं दुसरं होतं.

म्हणून माझी कसोटी सरळ आहे: तक्रार कशाबद्दल आहे? जानेवारी २०२५पासून परीक्षक दोन गोष्टींना गुण देतात, कामाचं महत्त्व आणि काटेकोरपणा-व्यवहार्यता. माणसं आणि साधनं पुरेशी आहेत की नाहीत, एवढंच तिसऱ्यात बघतात. खोट दुसऱ्या खान्यात असेल, म्हणजे नमुने कमी, कंट्रोल (तुलनेचा गट) नाही, प्राथमिक पुरावा तोकडा, तर डोळे झाकून ए-वन. काम करा, आकृती जोडा, त्या एका पानावर दाखवा. पण ‘हे करून काय मिळणार?’ असा सूर असेल, तर दुरुस्तीने तो जात नाही. उद्दिष्टंच नव्याने मांडा, जमल्यास दुसरा स्टडी सेक्शन मागा आणि नवा अर्ज द्या. समितीच्या बैठकीत चर्चेलाच न आलेल्या अर्जालाही हेच लागू. फक्त तिथे तिन्ही परीक्षक तीन दिशांना ओढत असतील, तर मी नव्याकडे झुकेन.

तारखांचं गणित लोक चुकवतात. आर-०१चे नवे अर्ज ५ फेब्रुवारी, ५ जून, ५ ऑक्टोबरला. ए-वन आणि रिन्यूअल (चालू ग्रँट पुढे चालवण्याचा अर्ज) महिनाभर उशिरा: ५ मार्च, ५ जुलै, ५ नोव्हेंबर. समजा फेब्रुवारीत दिलात आणि जूनमध्ये पडलात. समरी स्टेटमेंट, म्हणजे शेऱ्यांचा लेखी अहवाल, हाती आल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच देता येत नाही, म्हणून ५ जुलै बहुधा हुकतो. पुढे ऑक्टोबरचा नवा आणि नोव्हेंबरचा ए-वन एकाच फेरीत तपासले जातात. म्हणजे नवा देऊन वेळ वाचत नाही, उलट प्रयोगाचा एक महिना जातो.

‘दोन्ही टाकून बघू’ हा आपला जुगाड इथे चालत नाही. एकाच कामाचे दोन अर्ज एकाच वेळी तपासणीत ठेवायला बंदी आहे. शिवाय सप्टेंबर २०२५पासून एका संशोधकाला वर्षाला ६च अर्ज, आणि ए-वनही त्यात मोजतात.

चालू आर-०१चं रिन्यूअल असेल तर मला फारसा प्रश्न दिसत नाही. झालेलं काम हीच तुमची बाजू, ती सोडून कोऱ्या पाटीवर कशाला जायचं? आर-२१ या छोट्या ग्रँटला मात्र रिन्यूअलच नसतं.

घाई नसेल तर ए-वनसाठी ३७ महिने आहेत, आणि तो पडला तरी नव्या अर्जाची वाट उघडी राहते. ठरवण्याआधी प्रोग्राम ऑफिसरला, म्हणजे तुमचा विषय सांभाळणाऱ्या एनआयएचच्या अधिकाऱ्याला, फोन करा. बैठकीत तो बसलेला असेल, तर शेऱ्यांत न उतरलेला सूर त्याने ऐकलेला असतो.