आठ महिने, सहा दिवस: कमी गर्दीच्या फेल्सवर (इंग्लंडमधल्या डोंगरांवर) गाईडसोबत चालण्याचा अनुभव

मागच्या सप्टेंबरात मी इंग्लंडच्या वायव्येकडचं लेक डिस्ट्रिक्ट आणि आसपासच्या डोंगरांत गाईडसोबत चालायचे सहा दिवस एकदम बुक केले. दिवसाला ६५ पौंड, गटात जास्तीत जास्त सहा जण, आणि माझी अट एकच होती: प्रसिद्ध शिखरं नकोत. मे संपता संपता सहावा दिवस झाला. आमच्या मराठी मंडळातल्या तीन-चार जणांनी विचारलं, पैसे वसूल होतात का, आणि फोनमध्ये नकाशा असताना गाईड हवाच कशाला? तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी मँचेस्टरला राहते. त्याआधी पुण्यात होते, तेव्हा सह्याद्रीत भरपूर भटकले. तिकडे पायथ्याच्या गावातून एखादे मामा वाटाड्या म्हणून सोबत यायचे. त्यांना रान पाठ असायचं, आपण त्यांच्या पाठीमागून चालायचं. इकडे आल्यावर पहिली काही वर्षं मी स्कॅफेल पाइक (९७८ मीटर, इंग्लंडमधलं सर्वांत उंच), हेल्वेलिन, कॅटबेल्स असे नावाजलेले डोंगर केले. सुट्टीच्या दिवशी तिथे रविवारच्या सिंहगडासारखी रांग असते. बऱ्याच ठिकाणी वाट दगड लावून पक्की केलेली आहे, माणसांच्या मागोमाग गेलं तरी माथा येतो. अशा डोंगरांसाठी उन्हाळ्यात, चांगल्या हवेत गाईडवर पैसे घालवू नका.

कमी गर्दीच्या फेल्सची गोष्ट निराळी आहे. फेल म्हणजे इकडच्या बोलीत डोंगर. हा शब्द नॉर्स लोकांबरोबर आला, तसेच ओढ्याला बेक आणि डोंगरातल्या तळ्याला टार्न हे शब्दही. हे डोंगर फार उंच नसतात, ६००-७०० मीटरचे, माथ्यावर गवताळ आणि गोलसर. चढ दमवत नाही. अडचण असते ती वाटेची. नकाशावर हिरवी तुटक रेघ असते, पण जमिनीवर गेलं तर काहीच नाही, नुसतं गवत आणि दलदल. २००० सालच्या कायद्याने अशा मोकळ्या डोंगराळ जमिनीवर कुणालाही हिंडायची मुभा आहे, त्यामुळे कुठूनही गेलं तर कुणी अडवत नाही. पण कुठूनही जाता येतं म्हणजे कुठेही चुकता येतं.

पहिला दिवस ऑक्टोबरात, हाउगिल फेल्सवर. हे डोंगर सेडबर्ग गावाच्या उत्तरेला, एम सिक्स मोटरवेच्या पूर्वेला आहेत. स्कॉटलंडला जाताना उजव्या हाताला हत्ती बसल्यासारखे दिसतात ते. हजारो लोक रोज त्यांच्या शेजारून गाडी हाकतात, वर फारच थोडे जातात. आम्ही कॉटली स्पाउटच्या बाजूने चढलो. हा टप्प्याटप्प्याने कोसळणारा धबधबा आहे, सगळे टप्पे मिळून जवळजवळ २०० मीटर. वर द काफ हा ६७६ मीटरचा माथा. लेक डिस्ट्रिक्टमध्ये सगळीकडे दिसणाऱ्या दगडी भिंती इथे वर जवळपास नाहीतच. चार तासांत आम्हाला दोन माणसं आणि मोकळी सोडलेली घोड्यांची एक टोळी भेटली. त्या दिवशी मी फारसं शिकले नाही, नुसती बघत राहिले. आणि तेवढ्यावरही मी खूश होते.

खरं काय ते नोव्हेंबरात कळलं. जागा मार्डेल हेड, हॉज़वॉटर जलाशयाचं वरचं टोक. तिथून गेटस्कार्थ खिंड, मग ब्रॅनस्ट्री (७१३ मीटर), सेलसाइड पाइक आणि जुन्या प्रेतवाटेने खाली. आमच्या गाईड त्याच भागातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई. निघण्यापूर्वी त्यांनी रस्त्यावर १०० मीटर मोजून दिले आणि प्रत्येकाला दोनदा चालायला लावलं. डावा पाय किती वेळा पडतो ते मोजायचं, म्हणजे काही दिसत नसताना पावलांवरून अंतर कळतं. माझे आकडे सपाटीवर ६४ आणि गवताच्या चढावर ७५. ते मी हाताच्या तळव्यावर पेनने लिहून ठेवले.

खिंडीच्या वर ढग उतरला. वीस पावलांपलीकडे काही दिसेना. तिथे तारेचं कुंपण माथ्याकडे जातं, त्याला धरून गेलं तर चुकायचं कारण नाही. गाईड बाईंनी मुद्दाम कुंपण सोडायला लावलं, बाजूला नेलं आणि नकाशा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "माथा इथून ३०० मीटरवर आहे. तुम्ही न्या." मी होकायंत्र लावलं, दिशा घेतली, समोरचा एक दगड धरला, तिथवर गेले, पुढचा गवताचा झुबका धरला. ओठांत आकडे चालू. २२५ झाले, म्हणजे ३०० मीटर पुरे, आणि माथा नाही. नुसता पांढरा धूर. पोटात गोळा आला. आता पुढे जायचं, डावीकडे की उजवीकडे?

त्या शांतपणे म्हणाल्या, "जिथे आकडा संपला तिथून हलू नका. बाकीच्यांना पसरवा." मी जागेवर उभी राहिले. बाकीचे एकमेकांना दिसतील इतक्या अंतरावर ओळीने उभे राहिले आणि ओळ हळूहळू पुढे सरकली. पंधराएक मीटरवर एकाचा बूट कशावर तरी आपटला. या माथ्यावर नेहमीचा मोजणीचा उभा खांब नाही. जमिनीच्या पातळीला बसवलेलं सिमेंटचं एक कडं आहे, मधे धातूची खूण. गवतात ते पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. मी गुडघ्यावर बसून त्यावरून हात फिरवला. थंडगार, ओलं, कडेला शेवाळ. तीनशे मीटरमध्ये पंधरा मीटरची चूक. बाई म्हणाल्या, पहिल्या वेळेला हे चांगलं आहे.

फोनच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. फोन मी आजही नेते, त्यात नकाशाही असतो. पण थंडीत बॅटरी भराभर उतरते, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि मुख्य म्हणजे निळा ठिपका बघून चालणाऱ्याला ठिपका गेल्यावर आपण कुठे आहोत याचा काहीच अंदाज नसतो. मामांच्या पाठीमागून चालतानाही माझं तेच होत होतं. या बाईंनी मला पुढे घातलं. त्यांच्याबरोबरच्या दिवसांत बहुतेक वेळ त्या माझ्या मागे होत्या.

ढग निवळला तेव्हा आम्ही सेलसाइडच्या दिशेला उतरत होतो. वाटेत एक उंच, निमुळता, दगडी बांधणीचा खांब लागला. आसपास ना घर ना कुंपण. गाईड बाईंनी विचारलं, "तुमच्यापैकी मँचेस्टरचं कोण?" मी हात वर केला. हा खांब तुमच्या नळाच्या पाण्याचा, त्या म्हणाल्या. हॉज़वॉटरचं पाणी मँचेस्टरला न्यायला या डोंगराच्या पोटातून शेजारच्या लाँगस्लेडेल खोऱ्यात बोगदा खोदला. त्याची रेषा चुकू नये म्हणून मोजणीवाल्यांनी माथ्यावर असे खांब उभारले. ते पाणी सुमारे ११० किलोमीटर जातं, तेही पंपाशिवाय, केवळ उताराने. रोज सकाळी मी ज्या पाण्याचा चहा करते त्याच्या डोक्यावर मी उभी होते.

आणि त्या पाण्याखाली गाव आहे. मार्डेल ग्रीन. धरणाचं काम १९२९ मध्ये सुरू झालं, १९३५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली, मग ते पाडलं. दफनभूमीतली प्रेतं उकरून शाप गावी पुन्हा पुरली. मघाशी म्हटलं ती प्रेतवाट म्हणजे अठराव्या शतकापर्यंत मार्डेलचे मृतदेह घोड्यावर बांधून शापला नेत ती डोंगरवाट, कारण तेव्हा गावाला स्वतःची दफनभूमी नव्हती. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गावच्या भिंती आणि छोटा पूल वर येतो, बघायला लोक गर्दी करतात.

माझं आजोळ इंदापूरकडचं. उजनीच्या बुडितात गेलेल्या गावांपैकी एक. पाणी आटलं की पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. आजी त्या दिवसांत पाण्याच्या कडेला जाऊन आमचं घर कुठे होतं ते बोट करून दाखवायची, आणि दरवर्षी बोट थोडं वेगळ्या जागी जायचं. मी हे गाईड बाईंना सांगितलं. त्यांनी मधे एकही शब्द घातला नाही, चालायचा वेग तेवढा कमी केला. खाली उतरल्यावर त्यांनी पलीकडच्या रिगिनडेल खोऱ्याकडे बोट केलं. इंग्लंडमध्ये कायम वस्तीला असलेला शेवटचा सोनेरी गरुड तिथे राहत होता, मादी मेल्यावर कित्येक वर्षं एकटाच. २०१५ नंतर तो कुणाला दिसला नाही. परतीच्या गाडीत माझ्याने कुणाशी फार बोलवलं नाही.

आता तक्रारी. जानेवारीचा दिवस आदल्या संध्याकाळी रद्द झाला. वारा फार होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट तो निर्णय योग्यच होता. पण बदली दिवस म्हणून बुकिंग घेणाऱ्या कार्यालयाने आठवड्याच्या मधल्याच तारखा पुढे केल्या. नोकरी करणाऱ्या माणसाला मंगळवार कसा जमेल? तीन मेल केल्यावर एप्रिलचा रविवार मिळाला. मार्चमध्ये त्याहून वाईट झालं. नेहमीच्या बाई नव्हत्या, दुसरे गाईड आले, आणि गटात सहाऐवजी दहा माणसं. गाईड पुढे झपाझप, मागचे दोघे धापा टाकत. एक जण गुडघ्यापर्यंत दलदलीत गेला ते त्यांना पाच मिनिटांनी कळलं. हे बेजबाबदारपणाचं आहे, आणि मी तसं लिहून कळवलं. अर्धे पैसे परत मिळाले. बुक करताना गटाची संख्या लेखी घ्या, गाईड कोण आणि माउंटन लीडर पात्रता (डोंगरात गट नेण्याची अधिकृत पात्रता) आहे का ते नावानिशी विचारा. आणखी एक: जमायची ठिकाणं गाडीशिवाय गाठता येत नाहीत. रेल्वेने ऑक्सनहोम किंवा पेनरिथपर्यंत येता येतं, पुढे कुणी बरोबर घेतलं तरच. मी दोनदा एका सहप्रवासिनीच्या गाडीतून गेले.

फेब्रुवारीत स्किडॉ डोंगराच्या मागच्या बाजूला हाय पाइक आणि कॅरॉक फेल केले. कॅरॉकच्या माथ्यावर प्राचीन किल्ल्याच्या कोसळलेल्या तटाचे दगड आहेत. गडाची सवय असलेल्या डोळ्यांना तटाची रेघ लगेच सापडते, मी ती गटातल्या बाकीच्यांना दाखवली.

एप्रिल आणि मे मेंढ्यांचे. हर्डविक जातीची कोकरं काळीकुळकुळीत जन्मतात आणि वयाबरोबर राखाडी होत जातात. या मेंढ्यांना डोंगरावर कुंपण लागत नाही. आपला चरायचा पट्टा कोणता हे कोकरू आईबरोबर फिरून शिकतं आणि आयुष्यभर तिथेच राहतं. याला इकडे हेफ म्हणतात. कळप एकदा गेला की नव्या मेंढ्या आणून हे ज्ञान विकत घेता येत नाही, म्हणून २००१ च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत कळप मारावे लागले तेव्हा इथले लोक हादरले होते. विणीच्या दिवसांत गाईड बाई आम्हाला कळपापासून लांबचा वळसा घ्यायला लावत, पाय दुखत असले तरी.

सामानाचं थोडक्यात. पावसाची पँट हवीच, जाकीट पुरत नाही. ऐन हिवाळ्यात चारच्या आधी सूर्य मावळतो, म्हणून डोक्याला लावायची बॅटरी. शिट्टी: संकटात मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं. फोन लागला तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. येणारी माणसं स्वयंसेवक असतात. उन्हाळ्यात ब्रॅकन नावाचं नेचं छातीएवढं वाढतं, त्यातून आल्यावर अंगावर गोचीड तपासा. खायला मी चपातीत शेंगदाण्याची चटणी आणि तूप घालून गुंडाळी नेते, थंडीत ती दगड होत नाही.

पैसे वसूल झाले का? सहापैकी पाच दिवसांचे पूर्ण. आता मी कमी उंचीच्या, वाट नसलेल्या डोंगरावर चांगल्या हवेत एकटी जाते. हिवाळ्यात अजून जाणार नाही. सप्टेंबरपासून पुन्हा चार दिवस घेते आहे, त्याच बाई असतील या अटीवर.

ऑगस्टमध्ये आई येते आहे. तिला मार्डेल बघायचं आहे. गाईड बाईंना विचारलं, तर त्यांनी नकाशाचा फोटो पाठवला, प्रेतवाटेचा खालचा तुकडा पेनने गिरवलेला. रस्त्यापासून पडक्या दगडी झोपड्यांपर्यंत, बस, त्यापुढे नाही. शेजारी लिहिलं होतं: इथे बसायला जागा आहे, पाणी दिसतं.